दयाशेजारची जागा

राहायची जागा घ्यायची झाली तर माणूस चार वेळा जाऊन बघतो, नळ सोडून बघतो, शेजारी कोण आहे याची चौकशी करतो. पुरायची जागासुद्धा अशीच आधी जाऊन बघावी लागते, हे मला त्र्याहत्तर सालच्या चैत्रात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी कळलं.

आईनं अंथरूण धरून दोन महिने झाले होते. डॉक्टरांनी मला अंगणात नेऊन, ‘आता त्यांना काय हवं-नको ते बघा,’ असं सांगितलं. हे वाक्य डॉक्टर लोक हळू आवाजात बोलतात, पण आमच्या घराच्या भिंतीच अशा, की आतून लगेच हाक आली.

‘‘जॉर्ज, इकडं ये. मला काय हवं ते सांगते.’’

मला वाटलं, म्हातारीला काहीतरी गोडधोड खावंसं वाटत असेल. मी मनातल्या मनात रेशनच्या साखरेचा विचार करतच आत गेलो.

‘‘मला दयाच्या शेजारी ठेव,’’ आई म्हणाली.

दया ही माझी थोरली बहीण. मी जन्मायच्या दोन वर्षं आधी, चौथ्या वर्षी तापानं गेलेली. तिच्याबद्दल घरात कधी बोलणं नसायचं, कारण बाबांना ते चालत नसे. बाबा, म्हणजे कृपादान साळवे, मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि ‘ती प्रभूजवळ आहे, मातीजवळ नाही’ एवढं एकदा सांगून त्यांनी तो विषय संपवला होता. बाबा स्वतः नव्या सिमेट्रीत होते आणि त्यांच्या उजव्या हाताला आईसाठी जागा राखलेली होती.

‘‘आणि बाबांच्या शेजारी?’’ मी विचारलं.

‘‘त्यांच्याजवळ चाळीस वर्षं राहिले की,’’ आई म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मी ‘बरं’ म्हणालो. माझा स्वभावच असा आहे की समोरचा माणूस डोळे मिटून बोलला की मी ‘बरं’ म्हणतो. त्या एका ‘बरं’नं पुढचे तीन आठवडे मला कुठंकुठं फिरवलं ते आता सांगतो.

आमच्या बेलपिंपरी गावाला दोन सिमेट्र्या. नवी चर्चच्या मागं, मुरमाड माळावर. जुनी गावाबाहेर, श्रीगोंद्याच्या रस्त्याला. पूर्वी कधीतरी तिथं गोऱ्या पलटणीचा तळ होता आणि तिथले साहेब, मडमा आणि त्यांची कच्चीबच्ची आमच्याकडच्या हवेनं पटापट मेली होती, त्यांच्यासाठी ती केलेली. पुढं मिशनची माणसंही तिथंच पुरत. सेहेचाळीस साली ती बंद झाली, फाटकाला कुलूप लागलं आणि गावकऱ्यांनी तिथं भूत बसवलं. खरं म्हणजे भूत कुलपाच्याही आधीचं होतं.

भुताची सविस्तर माहिती मला आमचे शेजारी काकासाहेब यांनी दिली. काकासाहेब तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि सल्ला देणं एवढं एकच काम त्यांच्याकडं उरलं होतं. मी जुन्या सिमेट्रीत जाणार हे रेबेकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांच्या मंडळींना सांगितल्यापासून पाच मिनिटांत ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

‘‘मास्तर, तिथं मड्डम हाय.’’

‘‘काकासाहेब, मी शाळेत विज्ञान शिकवतो.’’

‘‘शिकवा की! तिला काय त्याचं? पांढऱ्या कापडात असती. भर दुपारी बारा वाजता. आपलं लेकरू हुडकत फिरती, आन् रडती. पस्तीस-चाळीस वर्षं मेंढकं बघत्यात तिला.’’

‘‘कोणत्या भाषेत रडते?’’

काकासाहेबांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. ‘‘रडायला कुठली भाषा लागती, मास्तर?’’

पण शाळेच्या विज्ञान मंडळाचा अध्यक्ष या नात्यानं मी दर वर्षी ‘भूत म्हणजे काय?’ या विषयावर व्याख्यान देत असे. फॉस्फरस, दृष्टिभ्रम आणि मनाचा दुबळेपणा असे त्याचे तीन भाग होते. तिसऱ्या भागाला पोरं हसत आणि मला तो भाग फार आवडे. तेव्हा मी काकासाहेबांना तो भाग थोडक्यात ऐकवला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि खिशात लोखंड ठेवा, लिंबू ठेवा, मागं वळून बघू नका आणि नावानं हाक आली तर ओ देऊ नका, असे चार सल्ले दिले.

पण भुतापर्यंत पोचायच्या आधी ग्रामपंचायत लागते.

ग्रामसेवकांनी माझा अर्ज डोळ्यांजवळ धरून वाचला. ‘‘मयताचं नाव, राहीबाई कृपादान साळवे. बरं. मयत झाल्याची तारीख कोरी आहे.’’

‘‘अजून झालेली नाही.’’

‘‘मग अर्ज कसा केला?’’

‘‘झाल्यावर वेळ मिळणार नाही म्हणून.’’

‘‘मयताशिवाय दफनाची परवानगी देता येत नाही, मास्तर. मयत झाल्यावर या.’’

‘‘त्यानंतर किती दिवसांत मिळेल?’’

‘‘चौकशी होऊन तीस दिवसांत.’’

चैत्रातल्या उन्हात तीस दिवस म्हणजे काय, हे मी विज्ञानाचा शिक्षक या नात्यानं त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि ‘‘मग तारीख अंदाजे टाका,’’ अशी सवलत दिली. स्वतःच्या आईच्या मरणाची अंदाजे तारीख लिहायला माझा हात होईना. मी त्या जागी ‘लवकरच’ असं लिहिलं. पुढं तो शब्द बऱ्याच टेबलांवरून फिरला आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी त्याच्याखाली लाल रेघ मारली.

पंचायत म्हणाली, जागा तालुक्याची. तालुक्याला विचारलं तर, मिशनची. मिशनच्या कचेरीतून उत्तर आलं, की जागा सेहेचाळीस सालीच कुलपासकट सरकारला दिली, किल्ली सोबत जोडली होती. किल्ली कुणाकडंच नव्हती. कुलूप तोडायला कुलपाच्या मालकाची लेखी संमती लागत होती आणि मालक कोण हाच तर मूळ प्रश्न होता. मी हेलपाटे घालत होतो, आई दिवसादिवसाला अंथरुणात लहान होत चालली होती. रोज संध्याकाळी ती विचारी, ‘‘जागा बघितलीस?’’ मी रोज सांगे, ‘‘कागद वर गेलाय.’’ एकदा ती म्हणाली, ‘‘मी पण वरच चाललेय. त्याची न् माझी गाठ पडली तर बघते.’’

शेवटी मी ठरवलं, कागद जाऊ दे, आधी निदान जागा तरी बघून येऊ. दयाच्या थडग्यावर बाबांनी दगड बसवू दिला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा होता. एवढ्या वर्षांत तो उरला असेल की नाही कोण जाणे. पाळकसाहेबांना मी सोबत चला म्हणालो. त्यांनी भूत ही अंधश्रद्धा आहे हे वचनांसकट पटवून दिलं आणि त्यांचा पाय नेमका त्याच आठवड्यात सुजला असल्याचंही दाखवलं.

दुष्काळामुळं शाळा सकाळची होती. साडेअकराला सुटली तसा मी निघालो. एका खिशात रेबेकानं घातलेला नवा करार, दुसऱ्यात जागा मोजायला टेप. काकासाहेबांनी फाटकातून बाहेर पडता पडता तिसऱ्या खिशात लिंबू आणि त्यांचा अडकित्ता कोंबला. मी रागानं नको म्हणणार होतो, पण वडीलधारा माणूस, शिवाय गल्ली बघत होती.

भिंत पुरुषभर उंच. तिच्यावर चढायला मला दहा मिनिटं लागली. लग्नाच्या वाढदिवसाला शिवलेली टेरिकॉटची पँट वरच्या दगडाला अडकली आणि टर्रकन फाटली. मी आतल्या बाजूला पडलो तो अडकित्त्यावर. मांडीतून कळ गेली. भुतांपासून रक्षण करणाऱ्या लोखंडानंच मला पहिली जखम केली, याची नोंद मी तिथल्या तिथं मनात करून ठेवली.

आत निवडुंग आणि वेड्या बाभळी माजलेल्या होत्या, पण सगळं वाळून पांढरं पडलेलं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. थडग्यांवरचे संगमरवर गावानं केव्हाच नेले होते; आमच्या वाण्याच्या दुकानाची पायरी इतकी गुळगुळीत का, याचा मला तिथं उलगडा झाला. पण एक गोष्ट चमत्कारिक होती. कडेच्या लहान थडग्यांच्या रांगेत कुणीतरी झाडून काढलं होतं.

मी टेप काढून त्या दिशेनं वळलो आणि तेवढ्यात मला खण्ण असा आवाज आला. मग पाणी डुचमळल्यासारखा. बाभळींच्या पलीकडं, जमिनीतून, एक पांढरं डोकं वर आलं. मग खांदे. मग कमरेपर्यंत सगळं पांढरं. पायऱ्या चढावं तसं ते थांबत थांबत जमिनीतून वर येत होतं.

फॉस्फरस, मी स्वतःला म्हणालो. दृष्टिभ्रम.

‘‘कोन हाय?’’ ते म्हणालं. आणि मग माझ्याकडं हात करून, ‘‘मास्तर!’’

नावानं हाक आली तर ओ देऊ नका. मी ओ दिली नाही. जी भिंत चढायला मला दहा मिनिटं लागली होती ती मी कशी ओलांडली हे मला आजही सांगता येणार नाही. भान आलं तेव्हा मी श्रीगोंद्याच्या रस्त्यावर होतो. एका पायात चप्पल नव्हती, पँट मागून उघडी होती आणि माझ्यासमोर दुष्काळी कामावर खडी फोडणारे दीडएकशे लोक हातोड्या थांबवून बसले होते. त्यांतल्या निम्म्यांची मुलं माझ्या वर्गात होती.

‘‘साप,’’ मी म्हणालो.

एक म्हातारा मजूर नुसता म्हणाला, ‘‘व्हय मास्तर. उन्हाळ्यात लई असत्यात.’’ हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की मला रडू यायचं बाकी राहिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. काकासाहेब येऊन बसले. त्यांनी विजयाची खूण चेहऱ्यावर दिसू दिली नाही, एवढं मी मान्य करीन. ‘‘साप आडवा जातो मास्तर,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘माणसाला भिंतीवरून फेकत न्हाई.’’ दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर कुणीतरी खडूनं एक चप्पल काढून ठेवलेली. एकच. मी ती पुसली आणि प्रकाशाचं परावर्तन शिकवायला घेतलं. कुणी हसलं नाही, हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

आईलाही मी सापाचंच सांगितलं. ती छताकडं बघत म्हणाली, ‘‘एकटीच होती का?’’

मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

अशात पंचायतीतून निरोप आला. माझ्या अर्जाची दखल घेतली गेली होती. येत्या शुक्रवारी सर्कलसाहेब पंचांसमक्ष कुलूप तोडून स्थळपाहणी करणार होते. अर्जदारानं हजर राहून इच्छित जागा दाखवावी. तीन आठवडे ज्यासाठी उंबरे झिजवले ते झालं होतं आणि मला जागाच माहीत नव्हती. तेव्हा बुधवारी दुपारी मी पुन्हा निघालो. या वेळी खिसे रिकामे होते. जुनीच फाटकी पँट घातली होती, तिचं आणखी काही होण्यासारखं नव्हतं.

भिंतीवरून आत उतरलो तर समोर एका साहेबाच्या थडग्यावर एक बाई बसलेली. साखर कारखान्याचं पांढरं पोतं डोक्यावरून खोळीसारखं घेतलेलं. तिच्या मांडीवर माझी चप्पल होती.

‘‘घ्या मास्तर. त्या दिशी हाक मारली तर थांबला न्हाई तुमी.’’

ती दगडाबाई होती, वेशीबाहेरच्या वस्तीवरची. तिला मी ओळखत होतो म्हणजे कसा, तर आमचे आजोबा त्याच वस्तीतले. बाप्तिस्मा झाला, शाळा झाली, दोन पिढ्यांत आम्ही वेशीच्या आत भाड्याच्या घरात आलो आणि मग त्या वाटेनं जाताना मी सायकल जरा जोरात मारायला लागलो. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

‘‘तू इथं काय करतेस?’’ मी शिक्षकाच्या आवाजात विचारलं.

तिनं उठून मला बाभळींच्या मागं नेलं. तिथं जमिनीत उतरणारी पायऱ्यांची विहीर होती, घडीव दगडांची, साहेबांनी बागेसाठी बांधलेली. तळाशी गुडघाभर पाणी होतं, आणि इतकं निवळ की खालचे दगड मोजता आले असते. पायऱ्यांवर पाचसहा बाया हंडे घेऊन बसलेल्या. मला बघून सगळ्या उभ्या राहिल्या. त्यांतली गोजरबाई, जी पावसाळ्यात आमचं छप्पर शाकारायला येई, तिनं हंडा पाठीमागं लपवला.

‘‘गावच्या हिरीवर आमाला चढू देत न्हाईत,’’ दगडाबाई म्हणाली. ‘‘ते वरून वतनार, आमी खाली वंजळ धरनार. आता त्येंनाच पुरंना, तर आमाला कोन वतंल? टँकर आला तर आमच्यापतूर चिखुल येतो. मास्तर, जित्यांनी दिलं न्हाई, ते ह्या मेल्यांनी दिलं.’’

‘‘आणि हे पोतं?’’

‘‘कुनी भितीवरून डोकावलं तर मड्डम दिसाया पायजे का नगं?’’

मी पायरीवर बसलो. शाळेतलं माझं व्याख्यान मला पहिल्यापासून आठवायला लागलं. ‘‘म्हणजे चाळीस वर्षं तुम्हीच...’’

‘‘आमी कशाला? आमी गेल्या सालापासनं.’’ तिनं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. ‘‘त्याच्या आदी राहीआत्या हुती.’’

‘‘कोण राहीआत्या?’’

‘‘तुमची आई, मास्तर.’’

ती मला लहान थडग्यांच्या रांगेकडं घेऊन गेली. शेवटून तिसरा एक मातीचा उंचवटा होता, चारी बाजूंनी गोटे लावलेले. माती सारवलेली होती. त्या वर्षी, त्या महिन्यात, ज्या गावात घोटभर पाण्यासाठी डोकी फुटत होती, तिथं कुणीतरी एका चार वर्षांच्या मुलीचं थडगं सारवलं होतं.

‘‘माझ्या सासऱ्यानं खांदली ही,’’ दगडाबाई म्हणाली. ‘‘मास्तरसाहेब, तुमचं बाबा, यिऊ द्यायचं न्हाईत तिला. मंग ती त्ये जेवून झोपलं की यायची. चर्चातलं पांढरं लुगडं नेसून. पल्याड फुटलेली भित हाय, तितनं. हितं बसायची, बोलायची, रडायची, आन् त्ये उठायच्या आत घरी. मेंढक्यांनी बघितलं, गावात मड्डम झाली. तिला कळलं तवा हसली म्हनं. म्हनली, बरं झालं, आता कुनी आडवं येनार न्हाई. गेल्या साली पाय चालंना, तवा मला म्हनली, दगडे, तू दयाकडं बघ, आन् तितं पानी हाय, त्ये तुमी घ्या.’’

मी लहान असताना दुपारी कधीकधी उठे तेव्हा आई घरात नसे. आल्यावर तिच्या लुगड्याला कुसळं असत. शेण्या गोळा करायला गेले होते, असं ती सांगे. मी तिला कधी विचारलं नाही, की शेण्या कुठं आहेत.

मग मला एकदम शुक्रवार आठवला.

सर्कलसाहेब, पंच आणि कुलूप तोडणारा लोहार यांच्याबद्दल मी तिला सांगितलं. माझ्या अर्जाबद्दलही सांगितलं. दगडाबाई आरडाओरडा करील, मला शिव्या देईल, अशी माझी अपेक्षा होती. तिनं फक्त डोक्यावरचं पोतं काढून घडी घातली.

‘‘मंग इंजान लावत्याल,’’ ती म्हणाली. ‘‘चार दिसांत उपसत्याल.’’ आणि बायांकडं वळून, ‘‘भरून घ्या गं. मिळंल तेवडं भरून घ्या.’’

घरी येऊन मी आईजवळ बसलो. तिनं माझ्या फाटक्या पँटकडं आणि हातातल्या एका चपलेकडं पाहिलं.

‘‘भेटली दगडी?’’

‘‘भेटली.’’

‘‘दया?’’

‘‘तीही भेटली. आई, मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तू विज्ञान शिकवतोस,’’ आई म्हणाली. यात टोमणा होता की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

मी शुक्रवारचं सांगितलं. मग ती म्हणाली, ‘‘मला त्यांच्या शेजारीच ठेव. तुझ्या बाबांच्या.’’

‘‘पण तुला तर...’’

‘‘मी आडतीस वर्षं बसलेय दयाजवळ. आता तिथं मला न्यायची म्हणजे सगळा गाव मागनं येणार. त्या बाया कुठं जातील? तुझ्या बाबांना सांगीन मी काय सांगायचं ते.’’ दम लागून ती थांबली. ‘‘पण त्या साहेबाला आत जाऊ देऊ नको, जॉर्ज. कसं ते तू बघ. एवढा शिकलास तू.’’

अर्ज नुसता मागं घेऊन भागणार नव्हतं. ग्रामसेवकांनी सांगितलं, पाहणीचा हुकूम निघाला आहे, आता अर्जदार मेला तरी पाहणी होणार. पाहणी टाळायला सबळ कारण लागतं. मी घरी गेलो, शाई भरली आणि सबळ कारण लिहिलं.

‘मी, जॉर्ज कृपादान साळवे, बी.एस्सी., बी.एड., असे लिहून देतो की, सदर जुन्या दफनभूमीत मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, पांढऱ्या वस्त्रातील एक स्त्री जमिनीतून वर येताना समक्ष पाहिली. तिने मला हाक मारली. त्यानंतर मला ताप आला. सदर ठिकाणी जाणे जिवास धोक्याचे आहे अशी माझी खात्री झाली असून माझा अर्ज मी भीतीपोटी मागे घेत आहे.’

तापाचं सोडलं तर त्यात एक शब्दही खोटा नव्हता. ग्रामसेवकांनी ते मोठ्यानं वाचलं. पंचायतीच्या दारात वीसेक माणसं जमली. साक्षीदार म्हणून सही करायला काकासाहेब धावत आले आणि सही करता करता त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘‘लाजू नका मास्तर. भल्याभल्यांची होती अशी.’’ बी.एस्सी.च्या पुढं ग्रामसेवकांनी पेन्सिलीनं उद्गारचिन्ह काढलं, ते मी पाहिलं.

सर्कलसाहेब आले नाहीत. प्रकरण दफ्तरी दाखल झालं. सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून, विज्ञान मंडळाचं अध्यक्षपद आता चित्रकलेच्या सरांकडं द्यावं असं वाटतं, असं खिडकीबाहेर बघत सांगितलं. मी ‘बरं’ म्हणालो.

आई गुरुवारी पहाटे गेली. रेबेका तिच्या तोंडात पाणी घालत होती, त्यातला अर्धा चमचा आत गेला आणि अर्धा तसाच बाहेर आला.

नव्या सिमेट्रीत सकाळी सातला खणायला सुरुवात केली. वर बोटभर माती आणि खाली मुरूम, दोन वर्षं तापून लोखंड झालेला. पहार मारली की ठिणगी उडे. चर्चमधले चार जवान आळीपाळीनं खणत होते. दहा वाजेपर्यंत गुडघाभरही खड्डा झाला नाही. एक पहार वाकली, एक टिकाव मोडला. ऊन चढत होतं. पेटी बाभळीच्या विरळ सावलीत ठेवलेली होती आणि सावली सरकेल तशी आम्ही ती सरकवत होतो. पाळकसाहेब एका पायावर भार देऊन घड्याळ बघत होते. काकासाहेब आले होते आणि पहार कशी धरावी हे सांगत होते. कुणीतरी म्हणालं, पाणी ओतलं तर मुरूम सुटेल. टँकर चार दिवस आला नव्हता.

बाराच्या सुमारास माळावरून बाया येताना दिसल्या. पुढं दगडाबाई, मागं गोजरबाई आणि बाकीच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा, वर फडकं बांधलेलं. त्या खड्ड्याशी आल्या आणि फडकी सोडून हंडे ओतायला लागल्या. त्यांच्या घरांतलं त्या दिवसाचं सगळं पाणी असावं ते. कोरड्या मुरमानं आधी फस्स असा आवाज केला, मग तो पाणी प्यायला लागला.

काकासाहेब वाकून हंड्यात बघत होते. तळापर्यंत दिसत होतं.

‘‘दगडे,’’ ते म्हणाले, ‘‘इतकं निवळ पाणी कुठलं गं हे?’’

सगळे थांबले. पहारी थांबल्या. दगडाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, पण त्या दिवशी माझ्याजवळ आणखी एकही भूत शिल्लक नव्हतं. काकासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग श्रीगोंद्याच्या रस्त्याकडं, मग पुन्हा हंड्यात. तलाठी होते ते, गावातली एकूण एक विहीर त्यांनी कधीतरी कागदावर चढवलेली होती.

‘‘टँकरचं असंल,’’ ते स्वतःशीच म्हणाले. आणि मागं वळून, जरा मोठ्यानं, ‘‘टँकरचंच हाय ते. वता गं, बघता काय?’’

तीन वाजता खड्डा पुरा झाला. आईला उतरवलं. बाया कुंपणाबाहेर उभ्या होत्या. मी आत या म्हणालो, पण आल्या नाहीत. पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि मला खूण केली. मी वाकून मूठभर माती उचलली. ती ओली होती. गार होती. टाकली, तरी निम्मी हाताला तशीच चिकटून राहिली.

घरी आलो तेव्हा रेबेका दारात तांब्या घेऊन उभी होती, हातपाय धुवायला. तांब्यात थोडंसंच पाणी होतं. मी हात पुढं केले, आणि मागं घेतले.

‘‘राहू दे,’’ मी म्हणालो.

ओट्यावर बसून राहिलो. ऊन कलेपर्यंत बोटांवरचा चिखल वाळला आणि हळूहळू आपोआप गळून पडला.